‘नदीपात्र’ म्हटलं की सगळी नदी आली का?

धरमपेठकर: एका पुस्तिकेचं मराठी करतोय, ‘रिव्हरस्केप’वर अडलो. प्रवाह, काठ, बेटं, पुरात बुडणारी सखल जमीन, सगळं त्यात येतं. ‘नदीदृश्य’ म्हटलं की भिंतीवरचं चित्र आठवतं. ‘खोरं’ फार मोठं होतं. ‘नदीपात्र’ चालेल?

कन्हानकाठ: पात्र नका घेऊ भाऊ. पात्र म्हणजे भांडं, पाणी धरण्यापुरतं. पूर ओसरला की काठाला गाळाची जमीन राहते ती मळई. ती या भांड्याबाहेर पडते. आणि रोहू, कटला पुराच्या पाण्यासोबत अशाच उथळ, बुडालेल्या काठाशी अंडी द्यायला येतात. आपल्या नाग नदीला शहरात ठिकठिकाणी भिंती आहेत, म्हणजे पात्र शाबूत. बाकी काय उरलं ते पुलावरून वाकून पाहा.

जुना महालवाला: मला ‘डोह’ शब्दाचं कौतुक आहे. संस्कृत ह्रद, प्राकृतात द्रह आणि दह, आणि आपला डोह. हिंदीतल्या कालियादहातला ‘दह’ याच घरातला. पेंच नदीवरच्या तोतलाडोहाच्या नावातही तो आहे, पण आता तिथं धरणाचा जलाशय. डोह आणि जलाशय एक नव्हेत हं! डोहाच्या वर-खाली वाहती धार असते. उन्हाळ्यात धार आटली की मासे डोहात तग धरतात, पाऊस आला की पुन्हा पसरतात.

कन्हानकाठ: आणि धारेचं काम वेगळं. गोट्यांवरून आपटत जाणाऱ्या पाण्यात हवा मिसळते. कामठीकडे मासेमारी करणाऱ्या एका ढिवरकाकांनी धारेतला गोटा उलटून दाखवला होता. खाली बारीक रेतीकण चिकटवून केलेली नळी, नखाएवढी, आत जिवंत अळी. अशा अळ्या कुजका पाला, शेवाळ खातात आणि त्यांना मासे खातात. महासीर राहतो डोहात, पण अंडी देतो गोट्यांच्या धारेत. दोन्ही जागा हव्यात, आणि मधली वाटही मोकळी हवी. पहिल्या पावसात वर जाणाऱ्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात ते उगाच नाही. आडवा बंधारा आला की चढण संपली.

धरमपेठकर: उथळ जागेला ‘उतार’ लिहू का?

जुना महालवाला: जपून. उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येते ती जागा. शहरातला वाचक घसरण समजेल. एकदा अर्थ सांगून टाका. आणि राजेहो, ‘वाळू’ नको, नागपूरच्या वाचकासाठी ‘रेती’च लिहा.

कन्हानकाठ: एकच शब्द हवा असेल तर ‘नदीचा पसारा’.

धरमपेठकर: हे जमलं. मथळ्यात पसारा, आत डोह, धार, उतार, मळई आपापल्या नावानं. संपादकबाई ‘पसारा आवरा’ म्हणतील बहुतेक, त्यांच्याशी भांडून घेतो.