काटा हलला नाही तरी चालणं वाया जात नाही

महिनाभर रंकाळ्यावर (कोल्हापूरच्या तलावाकाठी) चालून वजन तसंच, मग उपयोग काय, असं एकाने विचारलंय. उपयोग रक्तवाहिन्यांना होतो, आणि तो वजनाच्या आधी.

तेलकट-गोड खाऊन चरबी वाढली की धमन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं. वाहिनी सैल करणारा वायू तोच (या शोधाला १९९८ चं नोबेल आहे). धमनीभोवतीची चरबीही दाह वाढवते. भरभर चालताना रक्त अस्तराला जोरात घासून जातं. त्या घर्षणानेच नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम जागं होतं. रमतगमत, दर बाकावर टेकत चाललं तर हा जोर पुरेसा येत नाही. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग हवा. रोज ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. सोबत २ दिवस बैठका किंवा जोर, पण श्वास कोंडून नको, रक्तदाब उसळतो.

खंड मात्र पाडू नका, काही आठवड्यांत फायदा ओसरू लागतो. आणि फेरी संपल्यावर कटाची मिसळ रोज नको; रविवारी चालेल. छातीत दुखत असेल, मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.