मदत हवी आहे: मुस्लिम दिग्दर्शिकांच्या मालिकेत मधली तीस वर्षं रिकामी

मुस्लिम समाजातून आलेल्या दिग्दर्शिकांवर चार भागांची चित्रपट-चर्चा मालिका आखतेय. सुरुवात भारतातल्या पहिल्या दिग्दर्शिका मानल्या जाणाऱ्या फातमा बेगमपासून. त्यांच्या १९२६च्या 'बुलबुल-ए-परिस्तान'ची एकही प्रत उरलेली नाही, त्यामुळे तिथे फक्त बोलावं लागणार, याचं फार वाईट वाटतं. शेवटही ठरलाय: सौदी अरेबियाच्या दिग्दर्शिका हैफा अल-मन्सूर यांचा 'वज्दा' (२०१२). रियाधच्या रस्त्यांवर चित्रीकरण असताना, बाईने पुरुषांसोबत उघडपणे काम करणं तिथे चालत नसल्यामुळे, त्यांना व्हॅनमध्ये बसून वॉकीटॉकीवरून दिग्दर्शन करावं लागलं होतं.

अडलंय ते मधे. महोत्सवांच्या जुन्या याद्या चाळल्या. अल्जीरियाच्या आसिया जेबार आणि इराणच्या रख्शान बनी-एतेमाद मिळाल्या, पुढे तीच तीच नावं.

चित्रपट दीड तासाच्या आतला, इंग्रजी सबटायटल असलेला हवा. माहितीपटही चालेल. रीतसर परवानगी काढूनच दाखवणार आहे, त्यामुळे कुठल्यातरी साइटच्या लिंक नकोत. विषय धर्माचाच हवा असंही नाही, उलट नसला तर बरं.

१९६० ते १९९० मधल्या, विशेषतः आफ्रिका आणि आग्नेय आशियातल्या कोणत्या दिग्दर्शिका घ्याव्यात? आणि इतक्या जुन्या चित्रपटांच्या जाहीर प्रदर्शनाची परवानगी नेमकी कोणाकडे मागायची: निर्मात्याकडे, वारसांकडे की फिल्म संग्रहालयाकडे?