मदत हवी आहे: गेटवेचे लॉग अ‍ॅनॅलिटिक्समध्ये दिसतच नाहीत (तातडीचे)

गोदाकाठ · शुक्रवार, २० जून २०२५, सकाळी १०:०५
तीन दिवस झाले, डोके चालेनासे झाले आहे. आमच्या एपीआय गेटवेचे (बाहेरच्या प्रोग्रामच्या सगळ्या विनंत्या ज्या दारातून आत येतात, त्याचे) ट्रॅफिक लॉग, म्हणजे कोणी काय विचारले त्याच्या नोंदी, अ‍ॅनॅलिटिक्सला पाठवायचे आहेत. पाठवतोय, प्रत्येक वेळी २०४ हा यशाचा कोड येतो, म्हणजे पोचतेय. पण रिअलटाइममध्ये (आत्ता काय चाललेय ते दाखवणाऱ्या पानावर) शून्य. फायरवॉल पाहिली, सीक्रेट (पाठवताना लागणारी गुप्त किल्ली) नवीन काढून पाहिले, फरक नाही. सोमवारी संचालकांसमोर गेल्या महिन्याचे आकडे ठेवायचे आहेत. कुणी केले असेल तर लवकर सांगा, प्लीज.

पिंपळपान · १०:१२
कुठला गेटवे? कुठले अ‍ॅनॅलिटिक्स? गेटवे थेट पाठवतो की मध्ये काही आहे? एवढे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

मोगरा · १०:२०
पानाच्या हेडमध्ये मोजणीचा टॅग बसवलाय ना? आमच्या क्लासच्या साइटवर तो अगदी खाली होता, वर घेतल्यावर सगळे दिसायला लागले. अ‍ॅड ब्लॉकर पण बंद करून बघा.

गोदाकाठ · १०:३१
मोगराताई, पानच नाही हो. ग्राहकांची अ‍ॅप्स थेट आमच्या एपीआयला विचारतात, ब्राउझर मध्ये येतच नाही.
पिंपळपान, गेटवे काँग. त्याचे एचटीटीपी लॉग प्लगइन आमच्या छोट्या नोड (सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट) सर्व्हिसला जेसन रूपात नोंदी देते, ती सर्व्हिस ते जीए-४च्या (गूगल अ‍ॅनॅलिटिक्स ४) मेझरमेंट प्रोटोकॉलला, म्हणजे सर्व्हरकडून थेट डेटा घेण्याच्या त्यांच्या सोयीला, पाठवते. बाजार समित्यांमधले शेतमालाचे भाव देणारी एपीआय आहे, ग्राहक १४. कोणता ग्राहक कोणत्या मालाचा भाव किती वेळा विचारतो, एवढेच हवे आहे.

टर्मिनलवाला · १०:३८
माझे स्पष्ट मत, हे साधनच चुकीचे निवडलेय. गेटवेच्या लॉगला प्रोमिथियस (आकडे गोळा करायला) आणि ग्राफाना (त्यांचे आलेख काढायला). काँगला प्रोमिथियसचे प्लगइन आहेच, तासाभरात डॅशबोर्ड उभा राहतो. वेबसाइटवरचे पाहुणे मोजायच्या यंत्रात सर्व्हरचे हिट्स कशाला कोंबायचे?

रात्रपाळी · १०:४६
टर्मिनलवाला, त्यांच्या संचालकांना लेटन्सीचा (उत्तराला लागणाऱ्या वेळेचा) आलेख नकोय. कोण वापरते आणि काय वापरते ते हवेय. प्रोमिथियसमध्ये प्रत्येक ग्राहक गुणिले प्रत्येक माल असे लेबल लावत बसाल तर सिरीज (प्रत्येक जोडीच्या आकड्यांची वेगळी मालिका) किती होतील, मोजून बघा.
मी तीन वर्षे मॅटोमो हे अ‍ॅनॅलिटिक्स स्वतःच्या सर्व्हरवर चालवतोय. एपीआयने हिट्स घालता येतात, डेटा आपल्याच घरात राहतो. एकदा विचार करा.

टर्मिनलवाला · १०:५१
१४ ग्राहक आणि पाचपन्नास माल म्हणजे सिरीज शेकड्यांत. प्रोमिथियसला ते काहीच नाही. मॅटोमोचा मायएसक्यूएल डेटाबेस सांभाळायला माणूस कोण देणार?

निळीशाई · ११:०२
भांडण नंतर करा, आधी त्यांचे बघू.
गोदाकाठ, २०४चा अर्थ फक्त "रिक्वेस्ट मिळाली" एवढाच. आतला मजकूर चुकीचा असला तरी उत्तर तेच येते, मेझरमेंट प्रोटोकॉल तसाच बांधला आहे. पत्त्यात "एमपी"च्या आधी "डीबग" घालून तोच मजकूर पाठवा, चुका असतील तर संदेशात परत येतात. मात्र ती तपासणी सीक्रेट आणि मेझरमेंट आयडी बरोबर आहेत का ते पाहत नाही, ते डोळ्यांनी जुळवा. आणि इथे एक खराखुरा नमुना टाका, सीक्रेट खोडून.

गोदाकाठ · ११:२४
केले. एक चूक निघाली: इव्हेंटच्या नावात मी आडवी रेघ वापरली होती. फक्त अक्षरे, अंक आणि अंडरस्कोर चालतो म्हणे. बदलले. आता डीबग म्हणते काही चूक नाही. तरीही रिअलटाइम शून्यच!!
नमुना:
क्लायंट आयडी: ग्राहक-०७
इव्हेंट: एपीआय_हिट
टाइमस्टॅम्प मायक्रोज: १७५०३९८२११४५३
सेशन आयडी आणि एंगेजमेंट टाइम दोन्ही दिले आहेत. पाथमध्ये गेटवेच्या लॉगमधला पूर्ण यूआरआय, म्हणजे विनंतीचा पत्ता.

निळीशाई · ११:२९
सापडले. टाइमस्टॅम्पचे अंक मोजा.

गोदाकाठ · ११:३१
१३. मग?

निळीशाई · ११:४०
१६ हवेत. टाइमस्टॅम्प म्हणजे १ जानेवारी १९७०पासून मोजलेला वेळ. काँगच्या लॉगमधला "स्टार्टेड अ‍ॅट" मिलिसेकंदांत असतो आणि तुम्ही तो तसाच मायक्रोसेकंदांच्या जागी टाकलाय. तुमचा आकडा मिलिसेकंद म्हणून वाचला तर आज सकाळचे ११ वाजून १३ मिनिटे. मायक्रोसेकंद म्हणून वाचला तर २१ जानेवारी १९७०. मागची तारीख फक्त ७२ तासांपर्यंत देता येते, आणि रिअलटाइम तर गेल्या अर्ध्या तासाचेच दाखवते. तिथे १९७०चा हिट कसा दिसेल?
१०००ने गुणा. गुणाकार नोडमध्येच करा, काँगच्या लुआत (त्याच्या स्क्रिप्टच्या भाषेत) नको. लुआ एवढा मोठा आकडा मजकुरात उतरवताना घातांकाच्या रूपात लिहितो, मग नवीन डोकेदुखी.

गोदाकाठ · ११:५८
आले!!! निळीशाई, तुमचे उपकार कसे फेडू. तीन दिवस मी फायरवॉलवाल्यांच्या मागे लागलो होतो.
पण आता युजर एकच दिसतोय. किमान नऊ ग्राहक या क्षणी चालू आहेत, मला लॉगमध्ये दिसताहेत. कॅश वगैरे असते का?

पिंपळपान · १२:०६
एका रिक्वेस्टमध्ये किती इव्हेंट भरता?

गोदाकाठ · १२:०९
२५. मर्यादा तेवढीच आहे म्हणून काँगच्या रांगेची बॅचही (एका वेळी पाठवायचा गठ्ठा) २५ ठेवली.

पिंपळपान · १२:१४
हे आधी सांगायचे ना. क्लायंट आयडी इव्हेंटला नसतो, अख्ख्या रिक्वेस्टला एकच असतो. बॅचमधल्या पहिल्या ओळीचा आयडी घेऊन बाकी चोवीस त्याच्याच खात्यावर टाकताय. तुमचा सगळ्यात मोठा ग्राहक बहुतेक बॅचमध्ये पहिला येत असणार. नोडमध्ये आधी ग्राहकवार गट करा, मग प्रत्येक गटाची वेगळी रिक्वेस्ट. आणि ज्या हिटला ग्राहकच नाही, म्हणजे चुकीची एपीआय की (किल्ली) वापरून आलेले, त्यांचे काय करायचे तेही ठरवा, नाहीतर आयडी रिकामा जाईल.

अटकेपार · १२:३०
फ्रँकफर्टहून लिहितोय, इथे आम्ही या बाबतीत फार जपून असतो म्हणून विचारतो. पाथमध्ये पूर्ण यूआरआय जातोय म्हणालात. त्यात शेतकऱ्याचा मोबाइल नंबर कुठे येतो का? जीए-४मध्ये फोन, ईमेल असे काही पाठवायला त्यांच्या अटींनीच मनाई आहे. भारतातही २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. यूआरआय जसाच्या तसा बाहेर पाठवू नका.

गोदाकाठ · १२:४१
बापरे. एका राउटमध्ये (एपीआयच्या एका वाटेत) नंबर येतो, एसएमएस सूचनेच्या. आत्ताच तो राउट बंद केला पाठवण्यातून.

निळीशाई · १२:५५
यूआरआय काढायला आणखी एक कारण आहे. मालाची नावे पत्त्यात मराठीत आहेत का? असतील तर लॉगमध्ये ती टक्क्यांच्या चिन्हांत उतरतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट, प्रत्येक बाइटची ३ अक्षरे, म्हणजे एकाला ९, आणि मधल्या मोकळ्या जागेला ३. "लाल कांदा" ७५ अक्षरांत बसतो. "उन्हाळ कांदा" १०२ होतो, आणि जीए-४च्या साध्या प्रॉपर्टीत पॅरामीटरच्या किमतीला १००ची मर्यादा आहे. सध्या बाजारात तोच जास्त, म्हणजे तुमचा मुख्य माल. त्यापेक्षा राउटचे नाव आणि मालाचा छोटा कोड असे दोन वेगळे पॅरामीटर पाठवा. दोन्हींची कस्टम डायमेन्शन (रिपोर्टातला आपला स्वतःचा रकाना) म्हणून नोंद करा, नाहीतर रिपोर्टात निवडताच येणार नाहीत.

मोगरा · १:०५
अवांतर: ही भावाची एपीआय बाहेरच्यांना मिळते का? माझा भाऊ निफाडला कांदा करतो, रोज लासलगाव आणि पिंपळगावला फोन करून भाव विचारतो.

गोदाकाठ · १:२०
मोगराताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, भावाला आमचे साधे पान दाखवा, फुकट आहे.
नावे मराठीतच आहेत, कोड लावतोय. आता एकच राहिले. मे महिन्याचे लॉग फाइलमध्ये आहेत, ते आज एकदम आत टाकता येतील ना?

रात्रपाळी · १:२६
नाही. ७२ तासांच्या मागचे जीएमध्ये जाणार नाही. मॅटोमोत टोकन दिले की कितीही जुनी तारीख घालता येते, म्हणून सकाळपासून सांगतोय.

टर्मिनलवाला · १:३३
सोमवारसाठी नवीन काहीच उभारू नका, जीए नको, मॅटोमो नको आणि माझे ग्राफानाही नको. प्रोमिथियसलाही मागचा महिना दिसणार नाही. फाइल एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये घाला, ग्राहक आणि माल असा ग्रुप बाय (गटवार मोजणी), दोन ओळींची क्वेरी. रात्रीपर्यंत तक्ता तयार. जीएच्या नेहमीच्या रिपोर्टात आजचे आकडे स्थिर व्हायलाही एकदोन दिवस लागतात.

रात्रपाळी · १:३७
हे मात्र बरोबर.

गोदाकाठ · रात्री ९:४८
टर्मिनलवाला, झाले. मे महिन्याचा तक्ता निघाला, फाइलीतल्या टक्केवाल्या नावांना उलट मराठीत आणायला थोडा वेळ गेला. ग्राहकवार गटही केले, रिअलटाइममध्ये आता अकरा दिसताहेत. पण ग्राहक-०७ तासाला जितके हिट्स मारतो तेवढे बाकी सगळे मिळून मारत नाहीत, आणि सगळे एकाच मालासाठी. हे खरे वापरणे आहे की त्यांच्या अ‍ॅपमध्ये कुठे लूप अडकलाय?

पिंपळपान · रात्री ९:५५
दोन हिट्समधले अंतर किती आहे? आणि त्यांना उत्तर २०० (ठीक) जातेय की ४२९ (फार विनंत्या)?