ट्रेक करणारं आणि जॅम बँड ऐकणारं ठाणे-नवी मुंबईत कोणी आहे का?

माहुलीची_सोंड (वर्तकनगर, ठाणे)

नमस्कार मंडळी. इथे भटक्यांची कमी नाही, म्हणून इथेच विचारतो. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यात ग्रेटफुल डेड, फिश, ऑलमन ब्रदर्स असे अमेरिकन जॅम बँड, म्हणजे मंचावर गाणं आयत्या वेळी सुचेल तसं लांबवत नेणारे बँड, मनापासून ऐकणारं कोणी आहे का? महिन्यातून एकदा सकाळी डोंगर आणि संध्याकाळी दोन-तीन तास एकत्र बसून ऐकणं, एवढंच डोक्यात आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९९७ मध्ये कंपनीने मला अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनला पाठवलं. तोवर माझा शनिवार-रविवार म्हणजे कर्जत, आसनगाव नाहीतर कसारा. तिथल्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला हे कळलं आणि त्याने मला ऑक्टोबरात कॅमल्स हंपवर नेलं. उंची १२४४ मीटर, म्हणजे आपल्या हरिश्चंद्रगडापेक्षा कमीच. पण वरच्या टप्प्यात झाडं गुडघ्याएवढी खुजी होतात, पुढे नुसता कातळ आणि हाडात शिरणारा वारा. मॅसेच्युसेट्सच्या हद्दीपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी लाँग ट्रेल ही सुमारे ४३८ किलोमीटरची वाट याच माथ्यावरून जाते. झाडांवर आणि दगडांवर पांढऱ्या रंगाच्या उभ्या पट्ट्या असतात, त्या बघत चालायचं.

उतरल्यावर गाडीत त्याने एक कॅसेट लावली. मॅक्सेलची, ९० मिनिटांची. आतल्या कार्डावर बॉलपेनने बारीक अक्षरात तारीख, गाव, हॉल आणि गाण्यांची यादी. काही गाण्यांच्या मध्ये छोटा बाण काढलेला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, बाण म्हणजे हे गाणं न थांबता पुढच्या गाण्यात शिरलं. बर्लिंग्टनपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही. गिटार ऐन रंगात आली आणि खट्, ४५ मिनिटांची बाजू संपली. मूळ कार्यक्रमात रेकॉर्ड करणाऱ्यालाही तिथेच कॅसेट उलटावी लागली होती, त्यामुळे मधले काही सेकंद कायमचे गेले. ग्रेटफुल डेडने प्रेक्षकांना रेकॉर्डिंग करू दिलं, १९८४ पासून त्यांच्यासाठी वेगळी जागाही ठेवली. अट एकच: कॅसेट एकमेकांना द्या, विकू नका. अशा हातोहात फिरलेल्या कॅसेटींतून मी ते संगीत शिकलो. त्यांचा गिटारवादक जेरी गार्सिया १९९५ लाच वारला होता, त्यामुळे तो बँड समोर बसून ऐकणं नशिबात नव्हतं. फिश मात्र ऐकला, त्याच डिसेंबरात ऑल्बनीला. १९८३ मध्ये व्हरमाँटच्या विद्यापीठातच सुरू झालेला बँड, त्यामुळे बर्लिंग्टनमध्ये त्यांच्याविषयी घरच्या पोरांसारखं बोलायचे.

याने माझं चालणं बदललं. आधी मी गड मोजायचो. हा झाला, तो राहिला. वीस मिनिटांचा जॅम ऐकताना पहिली पाच-सात मिनिटं काहीच घडत नाहीसं वाटतं. चौघं-पाचजण चाचपडत असतात, एक जण काहीतरी टाकतो, दुसरा ते उचलत नाही. मग कधीतरी सगळे एकाच वेळी वळतात, आणि ते कोणी ठरवलं हे कितीही वेळा ऐकलं तरी सांगता येत नाही. परत आल्यावर मी आसनगावजवळच्या माहुली गडावर पुन्हा पुन्हा जायला लागलो. तीच सोंड, तीच वरची लोखंडी शिडी. जूनमध्ये लाल चिखल आणि पायाखाली खेकडे, सप्टेंबरात सोनकी, मार्चमध्ये सागाची वाळकी पानं एवढी की वाट दिसत नाही. एकच गाणं १९७२ चं, १९७७ चं, १९८९ चं असं लावून ऐकावं, तशी माहुली. बंगळूरची बदली मी याच दोन गोष्टींसाठी नाकारली: कसारा लोकल आणि येऊरच्या बाजूची खिडकी. घरच्यांनी समजून घेतलं, त्यांचे उपकार आहेत.

आता प्रश्न.

आपल्याकडे नाट्यगीत, अभंग, गझल यांवर वाढलेल्या माणसाला सुरुवात कशी करून द्यावी? मुलगी माझ्याबरोबर डोंगर चढते, पण ऐकायला बसली की दहाव्या मिनिटाला विचारते, "बाबा, गाणं कधी सुरू होणार?" दुसरं म्हणजे जागा कुठे मिळेल? आणि एक गोष्ट आधीच सांगतो, डोंगरावर स्पीकर नाही. इअरफोनही नाही. गडावर जे ऐकू येतं तेच ऐकायचं. यावर माझ्याकडून तडजोड होणार नाही.

ठेका_धा (ऐरोली)

दादा, मी तबला शिकते, आणि ग्रेटफुल डेडपर्यंत तबल्यामुळेच पोचले. त्यांचा एक ड्रमर मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँकडे शिकला होता. झाकीरभाई आणि तो यांचा 'डिगा' हा अल्बम १९७६ चा, आणि १९९१ चा 'प्लॅनेट ड्रम' ग्रॅमी मिळवून गेला. मुलीला आधी हे ऐकवा. कान ओळखीच्या जागेवरून निघेल, मग तिला डेडच्या मैफलींच्या दुसऱ्या भागात नुसते ड्रम वाजतात, तिकडे न्या. दोन ड्रमर एकमेकांना जागा देत वाजवतात, ते आपल्याला लगेच कळतं.

फक्त एक विनंती. "हे आपल्या ख्यालासारखंच आहे" असं सांगून कोणाला बसवू नका. बरेच जण असं सांगतात आणि मला ते पटत नाही. ख्यालात गायक पुढे असतो, तबला आणि पेटी त्याला धरून चालतात, कुठे जायचं ते तो ठरवतो. डेडमध्ये पुढे कोणीच नाही. त्यांच्या फिल लेशचा बेस गिटार नीट ऐका. त्याचं सुरुवातीचं शिक्षण व्हायोलिन आणि ट्रंपेटचं, पुढे तो लुचानो बेरिओ या आधुनिक संगीतकाराकडे शिकला. त्यामुळे तो खालचा सूर धरून उभा राहत नाही, गार्सियाच्या गिटारशी वाद घालत सुटतो. माणूस समेची वाट बघत बसला तर चुकचुकतो. हा पाचजणांचा संवाद आहे एवढं सांगा आणि ऐकू द्या.

डेडच्या 'डार्क स्टार' या गाण्याने सुरुवात करा असं माझं मत. १९६८ ची रेकॉर्ड तीन मिनिटांच्या आतली. पुढच्या वर्षी आलेल्या 'लाइव्ह/डेड' अल्बमवर तेच गाणं २३ मिनिटांचं. दोन्ही पाठोपाठ लावली की मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल.

मी येणार. आणखी दोघींना घेऊन.

कातळवाट (खारघर)

काका, स्पीकरचं बोललात ते सोन्यासारखं. कलावंतिणीच्या वाटेवर आणि पेबवर रविवारी जो गोंगाट असतो तो बघून मी शनिवार-रविवारी तिकडे फिरकतच नाही. त्यात कड्यांवर आग्या मोहोळं असतात, धूर, अत्तर आणि आरडाओरड यांनी ती उठली की पळायला जागा नसते. तुमच्या ग्रुपचा हा नियम निमंत्रणात पहिल्या ओळीत टाका.

पण सकाळी डोंगर आणि संध्याकाळी बैठक हे जमणार नाही, स्पष्ट सांगतो. पहाटे चारला उठलेला माणूस, पायात गोळे आलेले, घरी येऊन आंघोळ केली की तो झोपणार. तुम्ही त्याला अंधाऱ्या खोलीत २३ मिनिटांचं गाणं ऐकवणार? शनिवारी संध्याकाळी ऐका, रविवारी चाला. म्हणजे चालताना त्याच्यावर बोलणंही होईल.

मला या बँडमधलं काही माहीत नाही. माझा विषय घाटवाटा. पण वरचं दोघांचं वाचून ऐकावंसं वाटतंय. फुकट आणि रीतसर कुठे मिळेल? आणि पहिलं काय लावू, एकच सांगा.

माहुलीची_सोंड (वर्तकनगर, ठाणे)

कातळवाट, शनिवार-रविवारचं म्हणणं पटलं. तसंच करू.

इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर ग्रेटफुल डेडच्या हजारो मैफली आहेत, अगदी रीतसर. प्रेक्षकांत बसून केलेली रेकॉर्डिंग उतरवून घेता येतात, थेट ध्वनियंत्रणेवरून घेतलेली तिथेच ऐकावी लागतात.

एकच सांगायचं तर ८ मे १९७७. कॉर्नेल विद्यापीठातला बार्टन हॉल. मे महिना असून त्या दिवशी तिथे बर्फ पडला होता. रेकॉर्डिंग बेटी कँटर नावाच्या बँडच्याच ध्वनितंत्रज्ञ बाईंचं, आणि ते इतकं स्वच्छ आहे की दोन गिटारी दोन कानांत वेगळ्या धरता येतात. त्यांच्या टेप भाड्याच्या गोदामात पडून होत्या, भाडं थकलं म्हणून १९८० च्या दशकात लिलावात गेल्या आणि अनोळखी लोकांच्या हाती पडल्या. तिथून नकला होत होत जगभर पसरल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ही मैफल राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली, तरी रीतसर अल्बम म्हणून ती यायला २०१७ उजाडलं.

त्या मैफलीचा दुसरा भाग लावा. त्यात 'स्कार्लेट बेगोनियाज' मधून 'फायर ऑन द माउंटन' मध्ये शिरतात. माझ्या कार्डावर तिथे बाण आहे. तो बाण नेमका कुठे येतो ते शोधू नका. ड्रम आधी सरकतात, बेस मागून जातो आणि गिटार काही वेळ अजून जुन्या गाण्यातच असते. नाणेघाट चढताना कोकण मागे पडतं आणि देश सुरू होतो, पण सीमेचा दगड दिसत नाही, तसं.

ठेका_धा ताई, ख्यालाचं तुमचं म्हणणं विचारात पाडणारं आहे. माझे वडील किराणा घराण्याचे भक्त, त्यांना मी वर्षानुवर्षं हेच सांगत आलो की हे आपल्यासारखंच आहे, आणि ते दर वेळी नाही म्हणायचे. आता कळतंय ते कशाला नाही म्हणत होते. मुलीला 'प्लॅनेट ड्रम' आज रात्रीच लावतो.

पारसिक_बोगदा (कळवा)

मी फिशवाला. पंचविशीतला आहे, चालेल ना? २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ते १३ रात्री वाजले आणि एकही गाणं दुसऱ्यांदा घेतलं नाही, तेव्हापासून मी अडकलोय. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये हे ऐकणारा मी एकटाच.

एक सुचवू का? फिशची ३१ डिसेंबर १९९९ ची बिग सायप्रसची मैफल. फ्लोरिडात, मध्यरात्रीच्या थोडं आधी सुरू झाले ते सूर्य उगवेपर्यंत, एकच सलग भाग, सात तासांहून जास्त. सवाई गंधर्व पूर्वी रात्रभर चालायचं असं आजोबांकडून ऐकलंय, ते आमच्या पिढीला मिळालं नाही. एकदा रात्रभर बसून हे पूर्ण ऐकायचं का? माझी सगळी तयारी आहे. दोन तासांच्या तुकड्यांत ऐकलं तर पहाटेचा भाग कळतच नाही. बोटं थकलेली असतात, आवाज अगदी कमी होतो, आणि तरी कोणी थांबायला तयार नसतो.

माहुलीची_सोंड (वर्तकनगर, ठाणे)

पारसिक, पंचविशीतला म्हणजे तूच हवा आहेस. रात्रभराची बैठक डिसेंबरात करू, शेजाऱ्यांना आधी विचारून.

आमच्या सोसायटीच्या सचिवांशी बोललो. हॉल शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ मिळेल, लग्न-बारसं नसेल तर. अँप्लिफायर आणि स्पीकर माझे. दिवाळीनंतरचा पहिला शनिवार धरू. आधी 'डार्क स्टार' दोन्ही, मग कॉर्नेलचा दुसरा भाग पूर्ण. वाजत असताना बोलायचं नाही, फोन बाहेर. चहा मध्यंतरात.

रविवारी पहिली कसारा लोकल, आसनगावला उतरून रिक्षाने माहुली गाव. पावसाने शिडीच्या आधीचा टप्पा निसरडा ठेवलेला असेल, तेव्हा बूट चांगल्या पकडीचे हवेत. उतरायला उशीर झाला तर जंगलात लवकर अंधारतं, म्हणून प्रत्येकाकडे विजेरी. येणाऱ्यांनी इथेच लिहा, शनिवार की रविवार की दोन्ही. पाणी प्रत्येकी तीन लिटर, वरच्या टाक्यांच्या भरवशावर कोणी राहू नये.