'ग्रेन'ला काय म्हणावे : कण, दाणा की रवा?

पणजीहून :
विद्यापीठातील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या प्रयोगशाळेसाठी मराठी माहितीफलक लिहिताना मी एका शब्दापाशी अडले आहे. लोहखनिजाच्या भुकटीतील सुटा 'पार्टिकल' आणि धातूच्या अंतर्रचनेतील 'ग्रेन' या दोहोंनाही 'कण' म्हटले, तर 'एका कणात अनेक कण असतात' असे विचित्र वाक्य होते, आणि पंचाईत अशी की शास्त्रदृष्ट्या ते खरे आहे. 'ग्रेन'साठी काय योजावे?

फोंड्याहून :
'रवा' हा शब्द आपल्याकडे आयता आहे. तूप सावकाश निवले की रवाळ होते. वितळलेला धातू थिजतानाही जागोजागी स्फटिक धरतात आणि एकमेकांना भिडेपर्यंत वाढतात, तेच ग्रेन. सावकाश निवविल्यास रवे मोठे होतात, हा नियम दोन्हीकडे सारखाच आहे.

म्हापशाहून :
गोव्यात 'रवा' वाचल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे रवा लावून तळलेला इसवण (सुरमई मासा) येईल. शिवाय रवा सुटा असतो; दोन ग्रेनच्या मध्ये मात्र मोकळी जागा नसते, केवळ अणूंच्या रांगांची दिशा बदलते. 'दाणा' याच कारणाने बाद होतो. 'स्फटिककण' लांबलचक असला तरी नेमका आहे.

फोंड्याहून :
'चुंबकीय क्षेत्र' वाचून कोणी तीर्थयात्रेला निघत नाही, आणि या यंत्रातील भिंगे तर त्याच क्षेत्राची असतात. संदर्भ अर्थ सांभाळून घेतो.

डिचोलीहून :
मला 'ग्रेन'पेक्षा 'ग्रेन बाउंडरी', म्हणजे दोन ग्रेनमधील सीमा, महत्त्वाची वाटते. ग्रेन जितके बारीक तितका धातू सामान्यतः बळकट, हे हॉल आणि पेच या शास्त्रज्ञांनी १९५१ व १९५३ मध्ये दाखविले, ते या सीमांमुळेच. तिला 'शीव' म्हणावे. कोकणीतील 'शीम'ही 'सीमा'चेच रूप आहे.

म्हापशाहून :
'शीव' शब्द गावापुरता ठीक आहे. पाठ्यपुस्तकी 'कणसीमा' विद्यार्थ्यांना ओळखीची वाटेल. मुळात फलकावर 'इलेक्ट्रॉन' तसाच ठेवून केवळ 'ग्रेन'ला सोवळे नेसविण्याचे प्रयोजन काय? एकतर 'विजाणू' लिहावे, नाहीतर 'ग्रेन'ही राहू द्यावा.

फोंड्याहून :
इलेक्ट्रॉन हे शास्त्राने दिलेले नाव आहे, तर 'ग्रेन' हा इंग्रजांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द शास्त्राने उचलला. त्यांनी धान्याचा शब्द घेतला, तर आपण तुपाचा घेण्यात कोणता कमीपणा?

डिचोलीहून :
'विजाणू'चा आग्रह असल्यास 'सूक्ष्मदर्शक' की 'सूक्ष्मदर्शी', हेही ठरवावे लागेल. माझ्या मते 'दर्शी' म्हणजे पाहणारा, आणि पाहणारे तर आपण असतो.