नळी बुजवलेले रिव्हॉल्वर दुर्मीळ राहते का?

चरईकर (चर्चाप्रस्ताव)

गेली २२ वर्षे मी जुन्या रिव्हॉल्वरांच्या मागावर आहे, आणि एवढ्या काळात स्वतःचे म्हणावे असे माझ्याकडे एकच आहे : आजोबांचे, वारसाहक्काने माझ्या परवान्यावर चढलेले, .३२ बोअरचे (म्हणजे तेवढ्या इंच व्यासाच्या नळीचे) वेब्ली या ब्रिटिश कंपनीचे. बाकी सारा शोध लिलावांच्या सूचिपत्रांत, अनुक्रमांकांच्या वह्यांत आणि लोकांच्या माळ्यांवर चालतो.

गेल्या महिन्यात नौपाड्यातील एक घर पुनर्विकासासाठी रिकामे होत असताना ट्रंकेत .४५५ बोअरचे वेब्ली मार्क ६ निघाले. नळीवर १९१६ हे साल होते आणि मुठीचा दोर अडकवायची कडीसुद्धा शाबूत होती. कागद मात्र एकही नव्हता. हात न लावता पोलिसांना कळवा, असे मीच त्या कुटुंबाला सांगितले आणि त्यांनी तसे केले.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, म्हणजे ती जपण्याजोगी ठरते. १९५९ चा शस्त्र कायदा जुन्या शस्त्राला परवान्यातून सूट देतो, पण ते दुरुस्त करूनही चालणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. त्यातून .४५५ हे सैनिकी, प्रतिबंधित बोअर असल्याने नेहमीच्या परवान्याची वाटही बंद होते. मग उरते ते नळी बुजवणे, घोडा निकामी करणे आणि एक लोखंडी प्रेत कपाटात ठेवणे. माझ्या मते काडतुसे मुळीच न बाळगणाऱ्या, तिजोरी ठेवणाऱ्या आणि दरवर्षी तपासणी करून घेणाऱ्या संग्राहकाला असे शस्त्र अखंड ठेवू द्यावे.

नेरुळवासी

मी पूर्णपणे विरोधात आहे. ‘काडतुसेच मिळत नाहीत, मग भीती कसली’ हा युक्तिवाद ब्रिटनने बरीच वर्षे मान्य केला होता. तिथे कालबाह्य काडतुसांची जुनी शस्त्रे शोभेची वस्तू म्हणून विनापरवाना ठेवता येत. पुढे तीच रिव्हॉल्वरे घरगुती बनावटीच्या काडतुसांसह गुन्ह्यांत सापडू लागली, आणि २०२१ मध्ये सात प्रकारची काडतुसे त्या सवलतीतून वगळावी लागली. त्यांत .४४ रशियन आणि .४१ कोल्ट होती, म्हणजे संग्राहकांची अगदी लाडकी. तुम्ही सज्जन आहात हे मान्य, परंतु तुमच्याकडे चोरी करणारा सज्जन नसतो.

खाडीपलीकडचा

एक दुरुस्ती सुचवतो. मार्क ६ जुने आहे, पण दुर्मीळ नाही. पहिल्या महायुद्धासाठी ते प्रचंड संख्येने बनले, आणि पुढे अमेरिकेत गेलेल्या कितीतरी नगांचे सिलिंडर (काडतुसे बसवायचा फिरता दंडगोल) मागून घासून .४५ एसीपी या अमेरिकी पिस्तुलाच्या काडतुसांसाठी वळवले गेले. दुर्मीळ म्हणजे कोल्ट या अमेरिकी कंपनीचे १८४७ चे वॉकर, जे सुमारे अकराशेच बनले. किंमतही केवळ वयाला येत नाही. अमेरिकेतला कुप्रसिद्ध गुन्हेगार बिली द किड याला शेरीफ पॅट गॅरेटने ज्या कोल्टने मारले, ते २०२१ च्या लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेले, कारण त्याची हकिकत कागदोपत्री जुळत होती. नौपाड्यातल्या ट्रंकेत अशी हकिकत नाही, हे आपणच लिहिले आहे.

कोपरीकर

हकिकतीचाच विषय निघाला आहे तर आपल्या ठाण्याच्या तुरुंगाची आठवण होते. नाशिकला कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फासावर गेले. त्यांच्या हातातले रिव्हॉल्वर कोणा एकाच्या तिजोरीत असावे, हे मला तरी पटणार नाही. ते लोकांना पाहता आले पाहिजे.

चरईकर

ते रिव्हॉल्वर नव्हते, ब्राउनिंग पिस्तूल होते. (या चुकीवर मी लग्नाच्या पंगतीतही भांडलो आहे.) मुद्दा मात्र मान्य : इतिहासाशी जोडलेले शस्त्र सार्वजनिकच असावे. खाडीपलीकडच्यांचा आक्षेपही मान्य, मार्क ६ ला मी दुर्मीळ म्हणायला नको होते.

पण वेब्ली-फॉस्बेरी घ्या. त्याची कल्पना ज्यांची, ते कर्नल फॉस्बेरी हिंदुस्थानातल्या फौजेतले, १८६३ च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले. या रिव्हॉल्वरच्या सिलिंडरवर बाहेरून नागमोडी खाचा असतात. गोळी सुटताच वरचा भाग धक्क्याने मागे सरकतो, एक खिळा त्या खाचेतून घसरत सिलिंडर फिरवतो, आणि पुन्हा पुढे येताना पुढचे काडतूस नळीसमोर आणतो. पाच हजारांहून कमी नग बनले. हा सरकता भाग वितळजोड लावून जाम केला, तर उरलेल्या खाचा ही निव्वळ नक्षी होय.

वाशीकर

मी तंत्रनिकेतनात शिकवतो. आमच्या कार्यशाळेत इंजिनाचा उभा छेद घेतलेला नमुना आहे आणि अखंड इंजिनापेक्षा मुलांना त्यातून जास्त कळते. फॉस्बेरीची रचना दाखवायची असेल तर छेद घेतलेला एक नग पुरे. तो चालतही नाही आणि लपवतही काही नाही.

चरईकर

पाच हजारांतला एक करवतीखाली घालणारा मी नव्हे. आपण प्रतिकृतीचा छेद घ्या, टाळ्या वाजवायला मी येईन.

नेरुळवासी

सरळ विचारतो. आपले .३२ आपण शेवटचे कधी चालवले? आणि चालवतच नसाल, तर ते चालण्याजोगे असण्याचा आग्रह का?

चरईकर

मी ते एकदाही चालवलेले नाही. वडील गेल्यानंतर उरलेली काडतुसे रीतसर जमा केली, आणि निवडणुकीच्या काळात सूचना आली की रिव्हॉल्वरही पोलीस ठाण्यात ठेवून येतो.

आग्रहाचे कारण थोडे लाजिरवाणे आहे. पंधरा वर्षांपूर्वी किरकोळ दुरुस्तीसाठी मी ते एका कारागिराकडे दिले होते. त्याने आपुलकीने सगळे घासून, निकेल चढवून, आरशासारखे लखलखीत करून परत दिले. आजोबांच्या हाताने अंगठ्यापाशी झिजलेला मूळ निळा मुलामा गेला, सिलिंडरवरचे बर्मिंगहॅमच्या चाचणीचे ठसे बोटाला लागेनासे झाले, आणि अनुक्रमांकाचे दोन आकडे आता भिंगातून वाचावे लागतात. बाहेरचे असे अस्सल काही उरलेले नाही. त्याने हात न लावलेली आतली कमान, घोड्याची खाच आणि सिलिंडर फिरवणारा पंजा एवढेच मूळचे शिल्लक आहे, आणि निकामी करायचे म्हटले की पहिली पटाशी तिथेच लागते.