शब्दचर्चा : 'इनहिबिटर'साठी प्रतिबंधक, निरोधक की रक्षक?

प्रश्न : औषधांविषयीचा एक मजकूर मराठीत लिहिताना 'सिलास्टॅटिन'चे वर्णन 'विकर (एन्झाइम) प्रतिबंधक' असे करावे की 'विकर निरोधक', असा पेच पडला आहे. 'प्रतिजैविक रक्षक' असेही सुचते. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : आधी या औषधाचे काम पाहू. इमिपेनेम हे प्रतिजैविक शिरेतून दिल्यावर मूत्रपिंडात पोहोचते, तेव्हा तेथील नलिकांच्या पेशींच्या कडेवर असलेले डिहायड्रोपेप्टिडेज-१ हे विकर त्याचे बीटा-लॅक्टम वलय फोडते, आणि वलय फुटले की त्या रेणूची जिवाणू मारण्याची शक्तीच संपते. त्यामुळे लघवीत पुरेसे औषध उतरत नाही. इमिपेनेमबरोबर दिलेले सिलास्टॅटिन त्या विकराला अडवते. स्वतः मात्र ते एकही जिवाणू मारत नाही. अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली ती या जोडीला.

आता शब्दांकडे वळू. 'प्रतिबंध' होतो तो न घडलेल्या गोष्टीचा, म्हणून लस रोगप्रतिबंधक असते. येथे विकर आधीच हजर आहे, कार्यक्षम आहे, आणि त्याच्या क्रियेला आवर घालायचा आहे. या अर्थाला 'निरोध' अधिक नेमका बसतो. ('गर्भनिरोधक' या रूढ शब्दात हा भेद पाळलेला नाही, हे मान्य करायला हवे.) त्याच 'रुध्' धातूचा 'प्रतिरोध' हा शब्द जिवाणू औषधाला दाद देत नाहीत त्या स्थितीसाठी राखून ठेवावा. 'अवरोधक' वाट अडवणाऱ्याला शोभतो : पॅनिपेनेम या प्रतिजैविकाबरोबर दिले जाणारे बीटामिप्रॉन विकराला नव्हे, तर प्रतिजैविकाच्या मूत्रपिंडातील पेशींमध्ये होणाऱ्या प्रवेशाला अडवते.

'रक्षक' मला पटत नाही, कारण तो परिणाम सांगतो, रीत सांगत नाही. क्लॅव्ह्युलॅनिक आम्लही प्रतिजैविकाचे रक्षणच करते, पण जिवाणूंच्या विकरापासून. सिलास्टॅटिन करते ते आपल्याच शरीरातल्या विकरापासून. आणि 'प्रतिजैविक निरोधक' असा समास तर कधीही करू नये, कारण वाचक त्याची फोड 'प्रतिजैविकाचा निरोध करणारे' अशीच करील आणि अर्थ नेमका उलटा होईल.

उपप्रश्न : मग नुसते 'निरोधक' पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही. इमिपेनेम, सिलास्टॅटिन आणि रेलेबॅक्टम हे त्रिकूट एकत्र दिले जाते, आणि त्यात दोन निरोधक आहेत. म्हणून विकराचे नाव जोडूनच लिहावे : सिलास्टॅटिन 'डिहायड्रोपेप्टिडेज-निरोधक', रेलेबॅक्टम 'बीटा-लॅक्टमेज-निरोधक' (बीटा-लॅक्टमेज हे जिवाणूंचे विकर). मेरोपेनेम या प्रतिजैविकाविषयी लिहिताना यांतील पहिल्या शब्दाची गरज पडणार नाही, कारण त्याच्या रेणूतील एका जादा मेथिल गटामुळे मूत्रपिंडातील ते विकर त्याला सहसा फोडू शकत नाही.